'व्हॅल्यू' या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द का पुरत नाही?

मूळ लेखन

भाषांतर करताना ज्या शब्दांनी मला सर्वांत जास्त वेळा थांबवले आहे, त्यांत 'व्हॅल्यू' हा शब्द अगदी वरचा आहे. शब्द अवघड नाही, शाळकरी मुलालाही तो ठाऊक असतो, आणि बहुधा म्हणूनच त्याच्यापाशी आपण सावध राहत नाही. गेल्या महिन्यात एका संशोधन अहवालाचे काम माझ्याकडे आले होते. काम देणाऱ्यांची अट अशी होती की एका इंग्रजी शब्दासाठी संपूर्ण दस्तऐवजात एकच मराठी शब्द वापरायचा, आणि त्यांच्या शब्दसूचीत 'व्हॅल्यू'पुढे 'मूल्य' असे लिहिलेले होते. मी अट पाळली. मुद्रिते तपासताना मात्र एका वाक्यापाशी अडखळले: 'दुसऱ्या गटाची मूल्ये सुसंगत नव्हती.' मूळ वाक्यात सांगायचे होते ते इतकेच, की दुसऱ्या गटाच्या मोजणीतून हाती आलेले आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. माझे वाक्य वाचणाऱ्याला मात्र वाटले असते की त्या गटातील माणसेच तत्त्वाला धरून वागणारी नव्हती. व्याकरण शुद्ध होते, शब्द शब्दसूचीबरहुकूम होता, आणि तरीही आकड्यांचा दोष माणसांच्या चारित्र्यावर जाऊन बसला होता.

तेव्हापासून या शब्दाची आणि त्याच्या गोतावळ्याची मी जमेल तशी टिपणे काढत आहे. ती येथे मांडते, म्हणजे जाणकारांना भर घालता येईल आणि चुकले असेल तेथे दुरुस्त करता येईल.

'व्हॅल्यू' हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये तो 'वालेरे' या लॅटिन क्रियापदावरून आला. 'वालेरे' म्हणजे बलवान असणे, धडधाकट असणे, आणि त्यावरून पुढे एखाद्या गोष्टीच्या तोडीचे असणे. रोमन लोक निरोप घेताना 'वाले' म्हणत, म्हणजे बरा राहा, सुखरूप राहा. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी पैसा नाही, व्यवहार नाही. अंगातले बळ आहे. हे एकदा लक्षात आले की वरवर एकमेकांशी संबंध नसलेले कितीतरी इंग्रजी शब्द एका घरातले असल्याचे दिसू लागते. 'व्हॅलर' म्हणजे शौर्य, 'प्रिव्हेल' म्हणजे वरचढ ठरणे, 'कॉन्व्हलेसन्स' म्हणजे दुखण्यातून उठल्यावर पुन्हा ताकद भरून येण्याचा काळ. 'व्हॅलिड' म्हणजे ज्याच्यात टिकण्याचे बळ आहे असे, मग ती मुदत असो, परवाना असो किंवा युक्तिवाद असो. त्याच्या उलट 'इनव्हॅलिड' हा शब्द एका उच्चाराने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला लागू होतो आणि दुसऱ्या उच्चाराने रद्द झालेल्या कागदाला. दोन्हींत उणे आहे ते बळच. 'इक्विव्हॅलंट' म्हणजे समबल आणि 'अँबिव्हॅलंट' म्हणजे ज्याच्या मनात दोन्ही बाजूंची ओढ सारख्याच जोराची आहे असा.

'वर्थ' हा शब्द या घराण्यातला नाही. तो इंग्रजीचा स्वतःचा, जर्मानिक कुळातला जुना शब्द आहे आणि जर्मन भाषेतला 'वेर्ट' हा त्याचा सख्खा भाऊ आहे. 'वर्शिप', म्हणजे उपासना, या शब्दाच्या पोटातही 'वर्थ'च आहे; ज्याच्या ठायी थोरवी आहे त्याला तसा मान देणे हा त्याचा मूळ भाव. 'प्राइस' मात्र 'प्रेतिउम' या लॅटिन शब्दावरून आला, आणि 'प्राइझ', 'प्रेझ', 'प्रेशस', 'अप्रीशिएट' हे सगळे त्याचेच वंशज आहेत. बक्षीस, स्तुती, मौल्यवान, आणि आभार मानताना वापरले जाणारे ते क्रियापद: चौघांच्याही मुळाशी मोबदला किंवा किंमत ठरवणे हीच कल्पना आहे.

मला सर्वांत जास्त आनंद झाला तो 'कॉस्ट' या शब्दाने. तो ज्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे, त्याचा अर्थ उभे असणे, ठाम राहणे असा आहे. अमुक इतक्यावर वस्तू 'उभी राहते', म्हणजे तितक्याला पडते. आता आपला 'किंमत' हा शब्द पाहा. तो अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला, आणि अरबीत ज्या धातूपासून तो निघाला, त्याचाही अर्थ उभे राहणे असाच आहे. 'कायम', 'मुक्काम' आणि 'कयामत' हे आपले रोजचे शब्द त्याच धातूचे आहेत. एकमेकींशी रक्ताचे नाते नसलेल्या दोन भाषांना किंमत सांगताना 'उभे राहणे' हीच क्रिया सुचावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. भाव वरखाली होत असतो, बोलणी चालू असतात, आणि शेवटी कोठेतरी आकडा स्थिर उभा राहतो. त्या क्षणाला दोन्ही भाषांनी नाव दिले आहे.

'मूल्य' हा शब्द 'मूल'पासून बनला. पाणिनीच्या अष्टाध्यायीत चौथ्या अध्यायाच्या चौथ्या पादातील ९१ व्या सूत्रात तो सिद्ध केलेला आहे. त्या सूत्रात 'मूल' हा शब्द दोनदा येतो, आणि त्यातील एका अर्थाने मूल्य म्हणजे मुळाशी सम असलेले. वस्तू घडवताना जे मूळ भांडवल घातले, त्याच्या बरोबरीचे ते मूल्य. याच सूत्रात 'तुला' या शब्दापासून 'तुल्य' हा शब्दही साधला आहे: तराजूने जोखलेले, म्हणून समान. म्हणजे आपल्याकडे 'मूल्य' आणि 'तुल्य' एका सूत्रात शेजारी उभे आहेत आणि तिकडे 'व्हॅल्यू' आणि 'इक्विव्हॅलंट' एका धातूतून आले आहेत. तिकडे कसोटी बळाची आहे, इकडे मुळाची आणि तराजूची.

माझा प्रश्न असा आहे: आपापल्या क्षेत्रात 'व्हॅल्यू'साठी आपण प्रत्यक्षात कोणता शब्द वापरता, आणि तो का?

प्रतिसाद १

मी अनेक वर्षे गणित शिकवत आहे, म्हणून आमच्या बाजूचे सांगतो. शालेय गणितात 'व्हॅल्यू' म्हणजे 'किंमत' हे पक्के ठरलेले आहे. 'क्ष ची किंमत काढा' असेच आम्ही म्हणतो. 'क्ष चे मूल्य काढा' असे फळ्यावर लिहिले तर मुले क्षणभर गोंधळतात. तरीही 'केवल मूल्य', म्हणजे संख्येचे अधिक-उणे चिन्ह सोडून उरणारी किंमत, येथे मूल्यच येते, तेव्हा आमच्या क्षेत्रातही वापर एकसारखा नाही, हे मान्य केले पाहिजे.

मला स्वतःला 'स्थानिक किंमत' आणि 'दर्शनी किंमत' ही जोडी फार सुंदर वाटते. ५०५ ही संख्या घ्या. दोन्ही पाचांची दर्शनी किंमत पाचच आहे, कारण चेहरा तोच. स्थानिक किंमत मात्र एकाची पाचशे आणि दुसऱ्याची पाच. मधले शून्य स्वतः काहीच नसून डावीकडच्या पाचाला शतकस्थानी उभे करते. हा भाग शिकवताना एका मुलीने मला विचारले होते, 'शून्याची किंमत शून्य आहे, मग ते काढून टाकले तर पाचशे कोठे जातात?' तो प्रश्न मी आजही प्रत्येक वर्गाला विचारतो. अंकाची किंमत त्याच्या अंगात नसते, तो कोणाच्या शेजारी कोणत्या जागी बसला आहे यावर असते, हे त्या प्रश्नाने जितके चटकन कळते तितके व्याख्येने कळत नाही.

'इव्हॅल्युएट' या क्रियापदाबद्दलही एक सांगतो. पदावली 'इव्हॅल्युएट' करा म्हणजे तिची किंमत काढा, आणि विद्यार्थ्याला 'इव्हॅल्युएट' करा म्हणजे त्याचे मूल्यमापन करा. पहिल्यात उत्तर एकच असते. दुसऱ्यात तसे नसते, आणि शिक्षकाने ते कधी विसरू नये असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद २

गणितातील वरील मांडणी उत्तम आहे. हिशेबाच्या जगात मात्र आमची अडचण उलट आहे. आमच्याकडे शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांच्या सीमा काटेकोरपणे पाळाव्या लागतात, कारण एकाच वस्तूला एकाच दिवशी अनेक 'व्हॅल्यू' असतात.

एखादे यंत्र घ्या. ते विकत घेताना जी रक्कम दिली ती त्याची खरेदी किंमत. दरवर्षी वापराने ते झिजते, म्हणून त्या किमतीतून घसारा वजा करत जातो, आणि उरते ते पुस्तकी मूल्य. तेच यंत्र आज बाजारात नेले तर जे मिळेल ते बाजारमूल्य, आणि त्याचे आयुष्य संपल्यावर मोडीत घातल्यावर जे हाती येईल ते अवशिष्ट मूल्य. चारही आकडे वेगळे, चारही खरे. 'यंत्राची खरी व्हॅल्यू किती?' असे कोणी विचारले की मी आधी विचारतो, 'कशासाठी हवी आहे?' विमा उतरवायचा आहे, विकायचे आहे, तारण ठेवायचे आहे की वाटणी करायची आहे, हे कळल्याशिवाय आकडा सांगणे म्हणजे चुकीचा आकडा सांगणे आहे.

'घसारा' हा शब्द मला 'डेप्रिसिएशन'पेक्षा चांगला वाटतो. इंग्रजी शब्दात 'प्राइस' उतरल्याची नोंद आहे. आपल्या शब्दात वस्तू घासली गेल्याचे चित्र आहे, म्हणजे परिणामाऐवजी कारण सांगितले आहे. जाता जाता, 'डेप्रिकेट' हा इंग्रजी शब्द याच्याशी मिसळू नये. तो प्रार्थना करणे, टळो म्हणून विनवणे या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन शब्दावरून आला आहे. संगणकाच्या आज्ञावलीतील एखादी सोय 'डेप्रिकेटेड' आहे असे म्हणतात तेव्हा तिला घसारा लागलेला नसतो, ती वापरू नका अशी सूचना असते. मराठी मजकुरात या दोहोंची गल्लत झालेली मी अनेकदा पाहिली आहे.

प्रतिसाद ३

धागाकर्तीच्या मूळ तक्रारीशी मी सहमत नाही, आणि कारण नीट मांडतो. इंग्रजी वाचकाला 'व्हॅल्यूज' हा शब्द दिसतो तेव्हा त्यालाही संदर्भावरूनच ठरवावे लागते की येथे मोजमापाचे आकडे अभिप्रेत आहेत की जीवनमूल्ये. तो ठरवतो आणि पुढे जातो. मग मराठी वाचकाला तेवढी समज नाही असे आपण का गृहीत धरावे? सर्वत्र 'मूल्य' वापरले तर काही वर्षांत तो शब्दही तितकाच व्यापक होईल. कायद्याच्या किंवा कराराच्या मजकुरात तर एका शब्दासाठी एकच प्रतिशब्द हे तत्त्व पाळावेच लागते, कारण शब्द बदलला की अर्थ बदलला असे मानले जाते, आणि वाद उभा राहिला तर भाषांतरकाराचा रसिकपणा कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

धागाकर्तीचे उत्तर

प्रतिसाद ३ मधील आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण काही काळ माझेही मत तेच होते. करारातील व्याख्या केलेल्या संज्ञांपुरते ते मला आजही मान्य आहे. तेथे 'व्हॅल्यू' म्हणजे काय हे पहिल्याच पानावर बांधून दिलेले असते आणि मग पुढे तोच शब्द आला पाहिजे. परंतु सर्वसाधारण गद्याला हा नियम लावता येत नाही, असे मी आता म्हणते.

फेर्दिनां द सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत त्याने शब्दाचा अर्थ आणि शब्दाचे मूल्य यांत फरक केला आहे, आणि योगायोग असा की त्यासाठी त्याने वापरलेला फ्रेंच शब्द 'व्हॅल्यू'चाच भाऊबंद आहे. त्याचे उदाहरण असे: फ्रेंचमध्ये 'मुतों' हा शब्द जिवंत मेंढीलाही चालतो आणि तिच्या मांसालाही, इंग्रजीत मात्र मेंढीला 'शीप' आणि मांसाला 'मटण' असे दोन शब्द आहेत. म्हणून 'मुतों' आणि 'शीप' यांचा अर्थ काही ठिकाणी एक असला, तरी त्यांचे मूल्य एक नाही, कारण 'शीप'च्या शेजारी दुसरा शब्द जागा अडवून बसला आहे आणि 'मुतों'च्या शेजारी कोणी नाही. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजाऱ्यांनी ठरते. प्रतिसाद १ मधील ५०५ च्या उदाहरणात हेच आहे, आणि ते वाचून मला फार समाधान वाटले.

आता मराठी पाहा. 'मूल्य'च्या शेजारी आपल्याकडे 'किंमत', 'मोल', 'भाव', 'दर', 'कदर', 'योग्यता' एवढे शब्द हाताशी उभे आहेत. इंग्रजी वाचक 'व्हॅल्यूज' वाचतो तेव्हा लेखकाने दुसरा शब्द टाळून हा घेतला असे त्याच्या मनात येत नाही. मराठी वाचक 'मूल्ये' वाचतो तेव्हा मात्र त्याला नकळत कळते की लेखकाने 'किमती' म्हटलेले नाही, 'आकडे' म्हटलेले नाही, 'नोंदी' म्हटलेले नाही. म्हणजे 'मूल्ये' असे लिहून मी काहीतरी जास्तीचे सांगितलेले असते, जे मुळात नव्हते. वाचकाच्या समजशक्तीविषयी मला जराही शंका नाही. तो अधिक बारकाईने वाचतो म्हणूनच चुकीचा अर्थ घेतो.

आणि प्रत्येक शेजाऱ्याचा स्वभाव वेगळा आहे. 'मोल' हा 'मूल्य'चाच तद्भव, पण त्याला घामाचा वास आहे. 'मोलमजुरी'त तो मेहनतान्याचा अर्थ सांभाळून आहे, आणि 'मोलाचा सल्ला' म्हटले की तोच शब्द पैशाच्या पार पलीकडे जातो. 'मौल्यवान सल्ला' हे शुद्ध आहे, पण त्यात ती जवळीक नाही. 'भाव' हा शब्द बाजारातही आहे आणि अंतःकरणातही. 'किंमत' हा शब्द नुसता व्यवहारी आहे असे मानणेही चूक ठरेल, कारण 'त्याला माझ्या शब्दाची किंमत नाही' हे वाक्य दुखावलेला माणूसच बोलतो, आणि तेथे 'मूल्य' घातले तर ते दुःख निघून जाते. इंग्रजीत एखाद्याची मैत्री 'व्हॅल्यू' करतात. मराठीत ते क्रियापद म्हणून आणायचे तर 'कदर करणे' किंवा 'जपणे' हेच शब्द खरे. 'मी तुमच्या मैत्रीला मूल्य देतो' असे कोणी मला लिहिले तर मला ते परके वाटेल.

प्रतिसाद ४

'वर्थ'बद्दल थोडी भर. मराठीत त्याला नाम शोधत बसू नये, असा माझा अनुभव आहे. 'वर्थ रीडिंग' म्हणजे वाचण्याजोगे किंवा वाचनीय. प्रत्ययाने काम होते, स्वतंत्र शब्द लागत नाही. आणि खूप कष्टांनंतर 'इट वॉज वर्थ इट' असे इंग्रजीत म्हणतात, तेथे आपल्याकडे 'कष्टांचे चीज झाले' किंवा 'सार्थक झाले' हे शब्दप्रयोग आहेत. 'ते त्याच्या योग्यतेचे होते' असले भाषांतर छापलेले पाहिले की वाईट वाटते, कारण चांगला शब्द घरात असताना तो वापरला गेलेला नसतो.

प्रतिसाद ५

मी चित्रकार आहे. आमच्या कामात 'व्हॅल्यू' या शब्दाला असा अर्थ आहे की जो वरच्या कोणत्याही शब्दात बसत नाही. रंगाचा उजळपणा किंवा गडदपणा किती, याला आम्ही व्हॅल्यू म्हणतो. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी रंगांची जी पद्धतशीर मांडणी केली, तीत प्रत्येक रंगाचे तीन घटक मानले आहेत: रंगछटा, व्हॅल्यू आणि रंगाची तीव्रता. व्हॅल्यूची मोजपट्टी शून्यापासून दहापर्यंत. शून्य म्हणजे पूर्ण काळा आणि दहा म्हणजे पूर्ण पांढरा.

हे प्रत्यक्ष कसे दिसते ते सांगतो. तांबडी भिंत आणि तिच्यापुढे हिरवे झुडूप असे एक चित्र मी विद्यार्थिदशेत केले होते. रंग एकमेकांच्या अगदी विरोधी, म्हणून झुडूप उठून दिसेल अशी माझी खात्री होती. माझ्या गुरूंनी डोळे किलकिले करून ते पाहिले आणि मलाही तसेच पाहायला सांगितले. पापण्या मिटत आणल्या तशी भिंत आणि झुडूप एकमेकांत विरघळून एकच करडा पट्टा उरला. दोघांची व्हॅल्यू एकच होती. त्या दिवशी मी झुडपाच्या एका बाजूला थोडा पांढरा मिसळला, आणि काहीही नवीन न रेखाटता झुडूप भिंतीपासून वेगळे होऊन पुढे आले. वर्गात कोणी याला 'मूल्य' म्हणत नाही, 'किंमत' म्हणणे तर शक्यच नाही. आम्ही 'व्हॅल्यू' हाच शब्द मराठी वाक्यात वापरतो आणि मला त्यात गैर वाटत नाही. लिहायचे झाले तर 'उजळ-गडदपणा' असे लिहितो.

प्रतिसाद ६

पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलेखनातही असेच आहे. तेथे स्वरचिन्हाची व्हॅल्यू म्हणजे तो स्वर किती काळ टिकवायचा ते. 'कालमूल्य' म्हटले की काम भागते.

रसायनशास्त्रातील 'व्हॅलन्सी'चा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, म्हणून करतो. तोही 'वालेरे'चाच वंशज. एका मूलद्रव्याचा अणू दुसऱ्या अणूंशी किती बंध जोडू शकतो, ती त्याची क्षमता. हायड्रोजनची एक, ऑक्सिजनची दोन, कार्बनची चार. मराठीत आपण 'संयुजा' म्हणतो, म्हणजे जोडण्याची क्रिया पुढे आणतो. इंग्रजी शब्दात मात्र ते जुने बळ जसेच्या तसे शिल्लक आहे.

प्रतिसाद ७

अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांचा विषय आल्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही, कारण 'व्हॅल्यू' हा शब्द त्या दोन शास्त्रांनीच सर्वांत जास्त ताणला आहे.

ॲडम स्मिथने १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहिले की या शब्दाचे दोन अर्थ आहेत: वस्तूची उपयुक्तता आणि तिच्या बदल्यात दुसरे काही मिळवण्याची ताकद. पाण्याइतके उपयोगी काही नाही, पण त्याच्या बदल्यात जवळजवळ काहीच मिळत नाही. हिऱ्याचा उपयोग नगण्य, पण त्याच्या बदल्यात पुष्कळ काही मिळते. मराठीत यांना उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य म्हणतात. हे कोडे समाधानकारक रीतीने सुटायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. १८७१ मध्ये जेव्हन्स आणि मेंगर या अर्थशास्त्रज्ञांनी आणि १८७४ मध्ये वालरा या अर्थशास्त्रज्ञाने, एकमेकांवर अवलंबून न राहता, असे दाखवले की विनिमयाच्या वेळी प्रश्न सगळ्या पाण्याचा नसतो, आणखी एका पेलाभर पाण्याचा असतो. विपुल असलेल्या वस्तूचा शेवटचा पेला फारसा महत्त्वाचा नसतो. तहानेने व्याकूळ माणसाचा पहिला पेला मात्र कोणत्याही हिऱ्याला मागे सारतो. म्हणजे मूल्य पाण्यात नव्हते आणि हिऱ्यातही नव्हते. ते गरज आणि उपलब्धता यांच्या नात्यात होते.

मार्क्सने १८६७ च्या 'कॅपिटल'मध्ये एका तळटीपेत भाषेविषयी एक निरीक्षण नोंदवले आहे, जे या धाग्यासाठी फार मोलाचे आहे. सतराव्या शतकातील इंग्रज लेखक उपयोगमूल्यासाठी 'वर्थ' आणि विनिमयमूल्यासाठी 'व्हॅल्यू' असे अनेकदा लिहीत. घरचा जर्मानिक शब्द प्रत्यक्ष वस्तूसाठी, आणि फ्रेंचमधून आलेला शब्द तिच्या व्यवहारातील प्रतिबिंबासाठी. पुढे हा भेद पुसट झाला आणि 'व्हॅल्यू'ने दोन्ही जागा घेतल्या. आज आपल्याला जी अडचण येते तिचे एक कारण येथे आहे, असे मला वाटते.

तत्त्वज्ञानात कांटने १७८५ मध्ये मांडलेला भेद मला निर्णायक वाटतो. ज्याच्या जागी त्याच्या तोडीचे दुसरे काही ठेवता येते, त्याला किंमत असते. ज्याच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही, त्याला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. माणूस दुसऱ्या प्रकारात मोडतो. येथे 'इनव्हॅल्युएबल' या शब्दाचे कोडेही सुटते. 'इन' हा उपसर्ग नकारार्थी असूनही त्या शब्दाचा अर्थ कवडीमोल असा होत नाही, अनमोल असा होतो, कारण नाकारले आहे ते मूल्य नव्हे, मूल्य ठरवण्याची शक्यता. आपल्या 'अमूल्य' या शब्दात नेमके हेच घडले आहे. ज्याला खरोखरच काही मोल नाही त्यासाठी इंग्रजीत 'वर्थलेस' आणि मराठीत 'मूल्यहीन', 'मातीमोल' असे वेगळे शब्द योजावे लागतात. दोन भाषांनी एकाच अडचणीतून एकच वाट काढली आहे.

आपल्या परंपरेत हा विचार पुरुषार्थांच्या चर्चेत येतो, आणि तेथे 'अर्थ' हा शब्द पाहण्यासारखा आहे. अर्थ म्हणजे धन, अर्थ म्हणजे प्रयोजन आणि अर्थ म्हणजे शब्दातून कळणारा आशय. अर्थशास्त्र आणि शब्दार्थ यांत एकच शब्द उभा आहे. 'निरर्थक' म्हणताना आपण प्रयोजन नाही असे म्हणतो की आशय नाही असे, हे अनेकदा सांगता येत नाही, आणि सांगण्याची गरजही पडत नाही. 'व्हॅल्यू'च्या तोडीचा, तितकाच व्यापक शब्द संस्कृतात शोधायचा तर माझ्या मते तो 'मूल्य' नसून 'अर्थ' आहे. भाषांतरात तो वापरता येणार नाही, ही गोष्ट वेगळी.

प्रतिसाद ३ च्या लेखकाकडून पुन्हा

शेजारी शब्दांविषयीचा मुद्दा मला पटला. माझा आग्रह मी करार आणि कायदा यांपुरता मर्यादित करतो. एक शंका मात्र उरते. 'अवमूल्यन' हा शब्द आपण चलनासाठीही वापरतो आणि नीतीच्या ऱ्हासासाठीही. तेथे एकच शब्द दोन्हीकडे चालतो आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. मग 'मूल्य'लाच अडचण का?

धागाकर्तीचे उत्तर

शंका रास्त आहे. 'अवमूल्यन' नेहमी कोणाचे तरी असते: चलनाचे, पदवीचे, सार्वजनिक जीवनाचे. ती षष्ठी अर्थ ठरवून टाकते. 'दुसऱ्या गटाची मूल्ये' यातही षष्ठी होती, पण ती माणसांच्या गटाची होती, आणि माणसांची मूल्ये म्हटली की मराठीत एकच अर्थ निघतो. 'दुसऱ्या नमुन्यातील मूल्ये' असे असते तर कदाचित निभावले असते. तेव्हा शब्द निवडण्याआधी तो कोणाला लागणार आहे हे पाहायचे, एवढी सवय मी आता लावून घेत आहे.

याच सवयीने तो सगळा अहवाल पुन्हा वाचून काढला. 'व्हॅल्यू' त्यात एकूण एकेचाळीस वेळा आला होता. त्यांपैकी नऊ ठिकाणी 'मूल्य' तसेच ठेवले, सूत्रांपाशी 'किंमत' केले, कोष्टकांच्या वर्णनात 'आकडे' आणि 'नोंदी' असे लिहिले, आणि प्रस्तावनेत सहभागी व्यक्तींच्या वेळेची 'व्हॅल्यू' होती तेथे 'त्यांनी दिलेल्या वेळेची आम्हांला जाणीव आहे' असे वाक्यच बदलले. प्रत्येक बदलापुढे एका ओळीचे कारण लिहून काम देणाऱ्यांकडे पाठवले. त्यांनी दोन ठिकाणी 'मूल्य' परत मागितले आणि बाकीचे मान्य केले. ज्या वाक्यापासून हा धागा सुरू झाला ते आता असे छापले जाणार आहे: 'दुसऱ्या गटाच्या नोंदींत एकमेकींशी मेळ नव्हता.'